तुरीवर गुडघे टेकवायला सांगणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

गेल्या रविवारी मानेवाड्याला भावाकडे गेले होते. भाचा ८ वर्षांचा, तिसरीत. माझ्या गाडीचा आवाज आला की फाटकापर्यंत धावत येणारा पोट्टा त्या दिवशी आलाच नाही. आतल्या खोलीत पलंगावर पाय लांब करून बसला होता. दोन्ही गुडघ्यांवर बारीक बारीक खळगे पडलेले, काही लाल, काही काळपट. डाव्या वाटीच्या खाली तुरीचं एक टरफल चिकटलेलं होतं. मी ते नखाने अलगद काढलं तर खालची कातडी सोललेली निघाली.

“काय झालं रे?”

“तुरीवर बसलो होतो, आत्या. सहाशे मोजा लागते. मी चारशे बारावर विसरलो, मंग पहिल्यापासून मोजलं.”

वहिनी ओशाळून म्हणाली, “ताई, मारलं नाही हो मी त्याला. हातसुद्धा नाही लावला. काकांनी ग्रुपवर टाकलं होतं ना ते, तसंच केलं.” आणि तिने मोबाइल पुढे केला.

मेसेज बहुतेकांकडे आलाच असेल. ‘आजीची शिस्त’ असं वर लिहिलंय. मुलांना मारू नका, त्याऐवजी १० मिनिटं तुरीवर, खडे मिठावर किंवा काथ्याच्या पायपुसण्यावर गुडघे टेकून बसवा, असा सल्ला. पुढे कारणं: यात मारहाण नाही, गुडघ्यातले बिंदू दाबले जाऊन स्मरणशक्ती वाढते, ही आपली गुरुकुलातली पद्धत आहे, आपणही असेच वाढलो, आणि घरात कोणता कायदा येत नाही. मी १९ वर्षं शाळेत शिकवते. यातलं एकही कारण मी गप्प बसून ऐकून घेऊ शकत नाही.

‘यात मारहाण नाही.’ वहिनी याच वाक्याला फसली, आणि सगळ्यात घातक तेच आहे. चापट मारणाऱ्याचा हात दुखतो, मूल रडलं की आवाज होतो, राग ओसरतो, मारणाऱ्यालाच कसंतरी होतं. तुरीवर बसवलं की यातलं काहीच होत नाही. मूल कोपऱ्यात, आई पोळ्या लाटतेय, बाप बातम्या पाहतोय. दुखवायचं काम मुलाचं स्वतःचंच वजन करत राहतं, त्यामुळे कुठे थांबायचं हे मोठ्यांना कळत नाही. मेसेजात १० मिनिटं लिहिलीत. माझ्या भाच्याने चारशे बारा आणि वर पुन्हा सहाशे मोजले. म्हणजे १७ मिनिटांच्या आसपास, तेही त्याने सेकंदाला एक या हिशोबाने मोजलं असेल तर. वहिनीला हे माझ्यासमोरच कळलं. तिचा चेहरा पडला.

बरं, हा ‘मार’ आहे की नाही हे आत्याने ठरवायची गरजच नाही. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०१२ साली शाळांमधली शारीरिक शिक्षा बंद करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात शारीरिक शिक्षा कशाला म्हणायचं याची व्याख्या दिली आहे. मारणं, चिमटे काढणं, कान पिरगळणं हे आहेच. पण त्याच्या जोडीला मुलाला अवघडलेल्या स्थितीत ठेवणं ही वेगळी बाब सांगितली आहे आणि उदाहरणं दिली आहेत: बाकावर उभं करणं, भिंतीला टेकवून खुर्ची करायला लावणं, डोक्यावर दप्तर घेऊन उभं करणं, पायांखालून हात घालून कान धरायला लावणं, आणि गुडघे टेकायला लावणं. नुसतं गुडघे टेकवणंसुद्धा त्या यादीत आहे. तूर आणि मीठ आयोगाच्या डोक्यातही आलं नसेल. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीनेही २००६ मध्ये हेच म्हटलं आहे, की मुलाला त्रासदायक स्थितीत बसवून ठेवणं ही शारीरिक शिक्षाच. तेव्हा ‘हात लावला नाही’ ही पळवाट नाही. हात न लावता दुखवता येतं हे माहीत असल्यामुळेच व्याख्या अशी लिहिली गेली.

आता ते गुडघ्यातले बिंदू. वाचून माझं डोकंच फिरलं. स्वतःच्या गुडघ्यावर बोट ठेवून पाहा. कातडी, आणि लगेच हाड. मांडीसारखं मांस तिथे नाही. वाटीच्या पुढे द्रवाची एक पातळ पिशवी असते, ती घासण्या-दाबण्याने सुजते. फरशी बसवणारे कारागीर पाहिलेत का? दिवसभर गुडघ्यांवर काम, म्हणून खाली पोत्याची जाड घडी घेतात. गुडघ्याचं मोल त्यांना माहीत असतं. आणि मुलाचा गुडघा अजून पुरता तयारही नसतो. जन्मताना ती वाटी हाडाची नसते, कूर्चा असते. साधारण ३ ते ६ वर्षांच्या दरम्यान तिच्यात हाड धरायला लागतं. वाटीच्या खाली नडगीवर जो उंचवटा लागतो, तिथे हाड वाढत असतं आणि मांडीच्या स्नायूचा ताण तिथेच येतो. १० ते १५ वर्षांची खेळणारी मुलं तिथे दुखतं म्हणून सांगतात, आणि गुडघ्यावर बसलं की ते दुखणं वाढतं. आता २५ किलोचं पोर त्या जागेवर, तेही दाण्यांवर टेकवा. वजन तेवढंच राहतं, टेकायची जागा मात्र दाण्यांच्या माथ्यांएवढी उरते. म्हणून खळगे पडतात. खडे मीठ तर सोललेल्या कातडीला आणखी झोंबतं. यातून पाठांतर सुधारतं याला काडीचा आधार नाही.

‘वज्रासनासारखंच आहे’ असंही एकाने खाली लिहिलं होतं. अजिबात नाही. वज्रासनात बूड टाचांवर येतं, भार नडगीवर आणि पावलांवर पसरतो, खाली सतरंजी असते आणि दुखलं की माणूस उठतो. इथे मूल ताठ गुडघ्यांवर उभं आहे, भार सगळा वाटीखाली, आणि उठायला परवानगी नाही.

गुरुकुलाचं फार लांबवत नाही. आपल्याकडे पोरांना मारत होते हे खरं आहे. चाणक्याच्या नावावरच्या श्लोकात पाच वर्षं लाड करा, दहा वर्षं ताडन करा असं म्हटलंय, ते मी नाकारत नाही. पण धान्यावर गुडघे टेकवणं हे ‘आपलं’ म्हणून मिरवू नका. पोलंडमध्ये वाळलेल्या वाटाण्यांवर बसवत, हंगेरीत आणि ब्राझीलमध्ये मक्याच्या दाण्यांवर, फिलिपिन्समध्ये मुगावर नाहीतर मिठावर. त्या त्या देशात घरात जे धान्य असेल ते. आपल्या विदर्भात तूर पिकते, म्हणून मेसेजमध्ये तूर आली. त्या देशांतली माणसं आज ही गोष्ट लहानपणची वाईट आठवण म्हणून सांगतात. यात संस्कृती कुठे आली?

‘आपण असेच वाढलो, काय बिघडलं?’ मीही वाढले. पाचवीत पाढा चुकला म्हणून मला आणि आणखी दोघींना शाळेच्या व्हरांड्यात गिट्टीवर गुडघे टेकायला लावलं होतं. मार्च महिना, नागपूरचं ऊन. सव्वीसचा पाढा मला आजही म्हणताना अडखळायला होतं. गिट्टी मात्र लख्ख आठवते. ज्या मुलींना त्यानंतर शाळाच नकोशी झाली, त्या ‘काय बिघडलं’ म्हणायला आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नाहीत. पुरावाच हवा असेल तर अमेरिकेतल्या एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी २०१६ मध्ये ५० वर्षांतले ७५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यात १,६०,९२७ मुलांची माहिती होती. विषय तुरीचा नव्हता, साध्या चापटीचा होता, हे मान्य. पण साध्या चापटीचाही संबंध त्यांना वाढत्या आडमुठेपणाशी, आक्रमकपणाशी आणि मनाच्या दुखण्यांशीच आढळला. मुलं सुधारल्याचं कुठे दिसलं नाही.

आणि माझ्या भाच्याचं काय सुधारलं ते सांगते. गणिताच्या चाचणीत २० पैकी ४ मिळाले म्हणून त्याने पेपर गादीखाली लपवला, त्याची ही शिक्षा. मी विचारलं, “आता काय करशील?” तो म्हणाला, “आता पेपर शाळेतच फाडून टाकीन.” लपवणं चुकीचं, हे तो शिकलाच नाही. घरी आणायचा नाही, एवढंच शिकला. मग पेपर काढून दोघं बसलो. ५०३ मधून १७८ वजा करायचे होते. मधे शून्य आलं की हातचा कोणाकडून घ्यायचा, हे त्याला कोणी नीट दाखवलंच नव्हतं. शतकाकडे जायचं, एक शतक सोडवून दहा दशक करायचे, त्यातला एक दशक एककाला द्यायचा. सुट्या काड्या आणि जुडगे मांडून दाखवलं, तिसऱ्या गणिताला त्याने स्वतःहून ३२५ चं उत्तर पुन्हा ताळा करून पाहिलं. वीस मिनिटं लागली. तुरीवर गेली त्याहून दोन-तीन मिनिटं जास्त.

राहिला कायदा. इथे मेसेजवाल्याचं अर्धं बोलणं मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम १७ शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला सरळ मनाई करतं, पण ते शाळेपुरतं. घरातल्या प्रत्येक शिक्षेवर बंदी घालणारा स्वतंत्र कायदा आपल्याकडे नाही. शेजारच्या नेपाळने २०१८ मध्ये तो केला. भारतीय न्याय संहितेच्या कलम २७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलाच्या हितासाठी सद्‌भावनेने केलेल्या कृतीला पालकांसाठी काही मोकळीकही आहे. पण म्हणून ‘घरात कोणता कायदा येत नाही’ हे खोटंच आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ मूल ज्याच्या ताब्यात आहे त्या प्रत्येकाला लागू होतं, त्यात आईबापही आले. मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना होतील असं वागलं तर ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपये दंड किंवा दोन्ही. वहिनीला घाबरवायला हे लिहीत नाही. तिने त्याच संध्याकाळी त्याच्या गुडघ्यांना खोबरेल तेल लावलं आणि रडली. असे मेसेज वाचून उद्या दुसरी कोणी आई खडे मीठ पसरेल, तिच्यासाठी लिहितेय.

काका, तुम्ही वयाने मोठे, तुमचा मान ठेवूनच सांगते. हा मेसेज तुम्ही घरच्या ग्रुपवर टाकलात, सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलात आणि सोसायटीच्याही. घरच्या ग्रुपवरचा मी काढायला लावला. बाकी दोन्ही ठिकाणी लहान मुलांचे आईबाप आहेत. तिथे हे उत्तर आजच्या आज पाठवा, आणि आधीचा मेसेज चुकीचा होता असं तुमच्या शब्दांत वर लिहा.