चौदा नंबर, हजर!

शाळेच्या स्लॅबवर, आग्नेय कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीला पाठ लावून डावा पाय कठड्यावर टेकवला आणि मोबाईल कानाच्या वर वीतभर धरला, की आमच्या गावात दोन दांड्या रेंज येते. हा शोध मला २०२० च्या जुलैत लागला. त्या कोपऱ्यावर पूर्वापार वहिवाट असलेलं एक म्हातारं वानर दहा फुटांवर बसून माझ्याकडे असं काही पाहत होतं, की आता हे सातबारा मागते की काय, असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी खुर्ची वर नेली. ते दोन फूट मागं सरकलं. सीमावाद तिथंच मिटला.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा आणि आर्णीच्या मधलं. कपाशी, सोयाबीन, तूर. आदल्याच वर्षी बदलीनं मी इथं आलो होतो आणि सहावीचा वर्ग माझ्याकडे होता. पटावर एकोणीस पोट्टे. उरलेल्या महाराष्ट्राच्या शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आमच्या विदर्भात ऊन कोणाचं ऐकत नाही म्हणून तेव्हा २६ जूनला उघडायच्या. त्या वर्षी २६ जून आला आणि गेला, घंटेला कोणी हात लावला नाही. वरून निरोप आला: शाळा बंद असली तरी शिक्षण बंद ठेवू नका. निरोपासोबत एक लिंक आली. रोज संध्याकाळी तीत भरायचं, आज किती विद्यार्थ्यांनी ऑनलाइन शिक्षण घेतलं.

नवीन साधनांचं मला वावडं आहे, असं कोणी समजू नये. मी १९९४ साली नोकरीला लागलो तेव्हा खडू-फळा योजनेतून आलेला फळा पांढरा पडत चालला होता. दर दिवाळीआधी पोरं जुन्या सेलमधली काळी भुकटी आणि कोणता तरी पाला वाटून तो काळा करत आणि सोबत स्वतःही होत. मग टीव्ही आला. मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम करणारी बालचित्रवाणी पुण्यात १९८४ मध्येच सुरू झाली होती. आमच्या शाळेपर्यंत तिचा टीव्ही पोचायला बराच काळ लागला, आणि पोचला तो लाकडी पेटीत. पेटीला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. पुढं एमएस-सीआयटी केलं, कारण वेतनवाढ त्याच्यात अडकलेली. आजही एका बोटानं टाईप करतो, पण ते बोट प्रमाणपत्रधारक आहे. मग २०१५ नंतर शाळा डिजिटल झाल्या. गावानं वर्गणी केली, प्रोजेक्टर आला, उद्घाटनाला नारळ फुटला, तीन महिन्यांनी बिल थकलं आणि लाईन कापली. तेव्हापासून तो प्रोजेक्टर पोषण आहाराच्या तांदळाशेजारी कपाटात आहे. उंदरांनी त्याची वायर खाल्ली, तांदूळ नाही. पुस्तकांत क्यूआर कोड आले, दीक्षा ॲपवर धडे आले. पोरं त्या काळ्या चौकोनाकडं बघून म्हणायची, सर, हे सारवणावर कोंबडी चालल्यावानी कायले छापलं?

शेजारच्याच वर्धा जिल्ह्यात १९३७ साली शिक्षण परिषद भरली आणि तिथं गांधीजींनी आग्रह धरला, की मुलाच्या हाताला काम देऊन शिकवा. नई तालीम ती हीच. हाताला तकली मिळाली. त्र्याऐंशी वर्षांनी हाताला मोबाईल मिळाला आणि काम फक्त अंगठ्याला राहिलं.

तोही मिळाला असता तर. मी सर्वेक्षण केलं. एकोणीस पोट्टे, सात मोठे मोबाईल. भाग जात नाही. सातांपैकी पाच बापासोबत सकाळी वावरात जातात, एक मोठ्या भावाकडे, जो दिवसाचा दीड जीबी न्याहारीच्या आत संपवतो, आणि एकाची काच अशी फुटलेली, की त्याच्यावर मी दिसलो तर पोरगं घाबरलं असतं. शिवाय व्हिडिओनं डेटा जातो. म्हणून पहिल्याच दिवशी ठरलं: व्हिडिओ बंद, फक्त आवाज. आणि वर्ग रात्री साडेसातला, बाप वावरातून आल्यावर.

पण रात्री लाईन नसते. मग वर्ग सकाळी सातला आणला, बाप वावरात जायच्या आधी. तेव्हा बाप मोबाईल सोडेना. मी अपूर्णांक सुरू केले, की मधेच जाड आवाज यायचा, "हॅलो, युरिया आला का? दोन चुंगड्या ठेवजा." कोणाच्या घरी कुकरची शिट्टी, कोणाच्या घरी गोऱ्ह्याचं हंबरणं. एकदा एका घरचं भांडण पूर्ण वर्गानं ऐकलं; सून माहेरी जाणार की नाही, हे कळायच्या आत माझा बॅलन्स संपला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी आधी तेच विचारलं. इतकी उत्सुकता अपूर्णांकांविषयी मी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती.

आणि एक गंमत. रेंजसाठी मी स्लॅबवर, आणि मोबाईलमध्ये ओरडायची सवय. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की खाली रस्त्यावर अंतर राखून आठ-दहा पोट्टे उभे आहेत.

"घरी का नाही बसत रे? वर्ग सुरू आहे ना!"

"सर, मोबाईलमंधून तं काहीच आयकू येऊन नाई रायलं. खालून मस्त येते."

तर असं माझं ऑनलाइन शिक्षण. ऑनलाइन मी एकटाच होतो, बाकी वर्ग रस्त्यावर. लिंकमध्ये रस्त्याला रकाना नव्हता. मी ते 'इतर' मध्ये भरले.

मात्र एक विद्यार्थी खरोखर मोबाईलवर होता. हजेरी क्रमांक चौदा. याचं घर गावात नाही, दीड कोस लांब वावरात. त्यामुळे खालून ऐकण्याची सोय नाही. आणि हा पठ्ठ्या एक दिवस चुकला नाही. मी नाव पुकारायच्या ऐवजी नंबर पुकारत असे, तेवढाच डेटा वाचतो असा माझा समज. "चौदा?" म्हटलं की खरखरत उत्तर यायचं, "हाव गुर्जी, हजर हाये." आवाज जरा घोगरा. बारा-तेराव्या वर्षी पोरांचा आवाज फुटतोच. बाकीचे सगळे मला 'सर' म्हणतात, हा एकटा 'गुर्जी'. मला त्याच्या घरच्या वळणाचं कौतुक वाटे.

लसावि शिकवत होतो. पुस्तकातलं नेहमीचं उदाहरण: एक घंटा दर ८ मिनिटांनी वाजते, दुसरी दर १२ मिनिटांनी, दोन्ही एकदम केव्हा वाजतील? खालून रस्त्यावरून उत्तर आलं, "सर, आपली घंटा तं मार्चपासून वाजलीच नाई." तेवढ्यात मोबाईलमधून शांतपणे, "चोवीस."

"शाबास चौदा नंबर! कसं काढलं?"

"आठाचे पाढे म्हनले, बाराचे म्हनले. जिथं भेटले तिथं थांबलो."

'थांबलो' की 'थांबली' हे खरखरीत नीट कळलं नाही. मी कशाला खोलात जातो? लसाविची याहून सोपी व्याख्या मला बी.ए.पर्यंत कोणी सांगितली नव्हती. आमच्या केंद्रातल्या शाळांच्या ऑनलाइन शिक्षण परिषदेत माझी पाळी आली तेव्हा मी या विद्यार्थ्याचा दाखला दिला. दुर्गम भागात, वावरातल्या घरी, केवळ श्रवणाच्या बळावर इत्यादी. सर्वांनी टाळ्यांचं चिन्ह पाठवलं. एकानं चुकून रडण्याचं पाठवलं, पण भाव पोचला.

२७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले. चौदा नंबर आला. मी त्याला मुद्दाम फळ्याजवळ बोलावलं, इतरांना प्रेरणा मिळावी म्हणून. ८ आणि १२ चा लसावि. पोट्ट्यानं खडू घेतला, फळ्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं, आणि लिहिलं: २०.

बेरीज केली होती त्यानं.

माझ्या मनात शंका यायला हवी होती. पण माणूस एकदा परिषदेत बोलला, की त्याची विचारशक्ती त्या भाषणाला बांधली जाते. मी निष्कर्ष काढला, की पोरगं इतके महिने एकांतात शिकलं आहे, त्याला चारचौघांचं दडपण येतं. प्रत्यक्ष वर्गानं ऑनलाइन शिक्षणाचं नुकसान केलं! तीन आठवडे मी त्याच्याशी हळू आवाजात बोललो, कोणी हसलं तर रागावलो. काही उपयोग झाला नाही. फेब्रुवारीत अमरावतीकडून पुन्हा साथ वाढत आली, शाळेला परत कुलूप लागलं, मी परत स्लॅबवर गेलो. वानर तिथंच होतं.

"चौदा?"

"हाव गुर्जी, हजर हाये."

"१५ आणि २० चा लसावि?"

"साठ."

मी वानराकडं विजयी मुद्रेनं पाहिलं.

एप्रिलमध्ये निर्णय झाला, पहिली ते आठवीचे सगळे परीक्षेविना वरच्या वर्गात. चौदा नंबर सातवीत गेला. मी त्याच्या प्रगतिपत्रकात लिहिलं, 'गणितात विशेष गती. बुजरा आहे.'

मग ४ ऑक्टोबर २०२१. ग्रामीण भागात पाचवीपासूनचे वर्ग पुन्हा भरले. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस, अर्धे पोट्टे वावरात. चौदा नंबरही नव्हता. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत फाटकातून एक म्हातारी आली. नऊवारी, हातात विळा, डोक्यावर ओढलेला पदर. ओसरीवर टेकली, विळा बाजूला ठेवला.

"गुर्जी कोन हाये अठी?"

आवाज ऐकला आणि माझ्या पायाखालचा स्लॅब सरकला. म्हणजे मी स्लॅबवर नव्हतो, तरी.

"मीच. तुम्ही?"

"चौदा नंबर," ती म्हणाली. नंतर स्वतःच हसली. "पोट्ट्याची आजी व्हय मी. थो मोबाईल माह्या हाती देऊन विहिरीवर पवाले जाये. म्हने, आजी, नंबर आला की हजर म्हन, नाईतं सर मारते. मंग मी बसो आयकत. घरी कोन हाये दुसरं बोलाले?"

मला एकदम परिषदेतल्या टाळ्या आठवल्या. आणि ते रडण्याचं चिन्ह. त्या माणसाला बहुतेक सगळं आधीच कळलं होतं.

"शाळेत कितवीपर्यंत गेलात, आजी?"

"दुसरीतून बसोलं घरी. पाढे तवाचे हायेत." मग जरा पुढं सरकून, गंभीर तक्रारीच्या सुरात, "तुमी सारं घंटीचंच गनित सांगतलं, गुर्जी. घंटी कोन मोजते? आमचा बाजार सात दिवसाले, बचत गट पंधरा दिवसाले. ज्या दिवशी दोनी एका दिवशी येते, त्या दिवशी माहा गटाचा हप्ता बाजारातच सरते. मी म्हनलं, थे दिवस काढून ठेवू. एकशे पाचव्या दिवशी येते. क्यालेंडरवर बोट ठेवून मोजलं, बराबर निंगालं."

मी मनात सात पंधरे केलं. एकशे पाच. २०२० पासून शासनाला भरलेल्या सगळ्या लिंकांमध्ये एवढा एक आकडा खरा निघाला आणि तो भरायला रकाना नव्हता.

"मग आज काय काम काढलं?"

"पोट्टा सातवीत गेला म्हनते. मंग माहं? अपूर्नांकाचा भागाकार राहून गेला ना. तुमी म्हनलं होतं उद्या सांगतो, अन् थ्या दिवशी मोबाईल बंद पडला."

खरं होतं. बॅलन्स संपला होता. सुट्टी संपायला वीस मिनिटं होती. मी खडू घेतला, ओसरीच्या फरशीवरच लिहिलं, तीन चतुर्थांश भागिले एक द्वितीयांश, आणि दीड वर्षाच्या सवयीनं विचारलं, "आवाज येऊन रायला का?"

"आता आवाज कायले इचारता? समोर बसून हावो ना." तिनं मला पहिल्यांदाच नीट न्याहाळलं, डोक्यापासून चपलेपर्यंत, आणि परत डोक्यावर येऊन थांबली.

"आवाजावरून तं मले वाटलं होतं, गुर्जीले केस असन."