कार्थेजच्या मातीत मीठ पेरलेच गेले नव्हते

‘हॅनिबलला हरवणाऱ्या सिपिओ आफ्रिकानसने कार्थेज बेचिराख केले आणि तेथे पुन्हा गवताची काडीही उगवू नये म्हणून जमिनीत मीठ पेरले’, असा मजकूर वारंवार पुढे पाठवला जातो. कार्थेज हे उत्तर आफ्रिकेतले, रोमशी झुंजणारे प्राचीन नगर, आणि हॅनिबल त्याचा सेनापती. या मजकुरात हॅनिबलचा पराभव तेवढा खरा आहे.

पहिली चूक माणसाचीच आहे. रोमन सेनापती आफ्रिकानसने इ.स.पू. २०२ मध्ये झामा येथे हॅनिबलला हरवले. पण पुढच्या तहात त्याने शहराला हात लावला नाही. ५० वर्षांत १०,००० टॅलेंट (वजनाचे प्राचीन माप) चांदी भरावी, दहाच युद्धनौका ठेवाव्यात आणि रोमच्या संमतीवाचून युद्ध करू नये, अशा त्याच्या अटी जाचक होत्या, तरी त्यांत कार्थेजला जगण्याची मुभा होती. इ.स.पू. १४६ मध्ये शहर पाडले ते सिपिओ एमिलियानसने, म्हणजे आफ्रिकानसच्या मुलाच्या दत्तक पुत्राने. तोवर आफ्रिकानसच्या मृत्यूला तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता. ज्याने शहर राखले, त्याच्याच माथी त्याचा विध्वंस मारणे हा मोठा अन्याय आहे.

मिठाचे म्हणाल, तर एकाही प्राचीन लेखकाने त्याचा उल्लेख केलेला नाही. वेढ्याच्या वेळी इतिहासकार पॉलिबियस स्वतः एमिलियानससोबत होता. नंतरच्या काळातला इतिहासकार अ‍ॅपियन याने तर सहा दिवसांची गल्लीबोळांतली लढाई, जळत्या घरांखाली गाडली गेलेली म्हातारी माणसे व मुले, बिर्सा टेकडीवरून शरण आलेले ५०,००० जीव, ट्रॉय नगराच्या नाशावरच्या ग्रीक कवी होमरच्या ओळी म्हणताना एमिलियानसच्या डोळ्यांत आलेले पाणी आणि त्या जागी कोणी राहू नये असा शाप, हे सारे नोंदवले आहे. मीठ मात्र कोठेच नाही. मीठ पेरल्याची कथा बायबलमध्ये शेखेम नगराविषयी आहे. ती कार्थेजला चिकटली फार नंतर, आणि १९३० मध्ये केंब्रिजच्या प्राचीन इतिहासाच्या खंडात आल्यावर तिला विद्वत्तेचे वजन मिळाले. खरे क्रौर्य एवढे सविस्तर नोंदलेले असताना लोकांच्या लक्षात मीठ राहावे आणि गुलाम म्हणून विकली गेलेली माणसे विसरली जावीत, हे मला फार खटकते.

उरला पीक न उगवण्याचा दावा. रोमला ही जमीन नापीक नव्हे, स्वतःसाठी हवी होती. रोमच्या सिनेटने कार्थेजच्या मागो या लेखकाच्या शेतीवरील २८ भागांच्या ग्रंथाचे लॅटिन भाषांतर मुद्दाम करवून घेतले. इ.स.पू. १२२ च्या सुमारास रोमन नेता गायस ग्राकस याने तेथे वसाहत वसवण्याचा प्रयत्न केला, तो फसला. पुढे सीझरने योजलेली वसाहत ऑगस्टसच्या काळात उभी राहिली, वाढत जाऊन रोमन साम्राज्याच्या पश्चिम भागातील सर्वांत मोठ्या नगरांपैकी एक झाली, आणि तिच्या भोवतालच्या शेतांतला गहू जहाजे भरभरून रोमला जाऊ लागला.