बोलणाऱ्या बाईचा बंदोबस्त

तुम्ही एखाद्या देशाचे राष्ट्राध्यक्ष असा किंवा हाउसिंग सोसायटीचे चेअरमन, सगळं सुरळीत चाललेलं असताना एक बाई हात वर करतेच. टेंडर कुणाला दिलं, झाड का तोडलं, आमची पोरं कुठे डांबलीत, असलं काहीतरी विचारते. त्यात ती लिहिणारी, रेडिओवर बोलणारी किंवा चार बायका जमवणारी निघाली तर संपलंच. अशा वेळी गडबडून जाऊ नका. हे दुखणं जुनं आहे आणि त्यावरचे सगळे उपचार आफ्रिकेत करून झालेले आहेत. गोऱ्या कलेक्टरांपासून सुटाबुटातल्या राष्ट्राध्यक्षांपर्यंत कुणी म्हणून मागे राहिलं नाही. गुण फारसा आला नाही, पण उपचार करणाऱ्याने निकालाकडे बघायचं नसतं.

सुरुवात घरगुती उपायाने करा. तिला बाईच्या जातीची आठवण द्या. केनियाचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष डॅनियल आराप मोई यातले वस्ताद. १९८९ साली त्यांच्या पक्षाच्या वर्तमानपत्राला, 'केनिया टाइम्स'ला, नैरोबीत साठ मजली मनोरा बांधायचा होता. जागा निवडली उहुरू पार्क, म्हणजे ऐन शहरातली ती बाग, जिथे ज्यांना परसदार नाही ते लोक सुट्टीच्या दिवशी पोराबाळांसह गवतावर पसरतात. मनोऱ्याबरोबर मोईंचा भलाथोरला पुतळाही होणार होता. साहेबांचा पुतळा म्हटल्यावर गवताचा विचार कुणी करतं का? वांगारी माथाईंनी केला. पूर्व आणि मध्य आफ्रिकेत डॉक्टरेट मिळवणारी ही पहिली बाई, आणि १९७७ पासून खेड्यापाड्यांतल्या बायकांकडून रोपं लावून घेणारी. तिने पत्रांचा सपाटा लावला. सरकारला लिहिलं, वर्तमानपत्राला लिहिलं, आणि मनोऱ्याच्या भागीदारांत रॉबर्ट मॅक्सवेल हे ब्रिटिश माध्यमसम्राट होते म्हणून थेट ब्रिटिश उच्चायुक्तांनाही लिहिलं. लंडनच्या हाइड पार्कात असला मनोरा तुम्ही चालवून घ्याल का, असा साधा प्रश्न होता.

अशा प्रश्नाला उत्तर द्यायचं नसतं, हे मोईंकडून शिका. केनियाच्या संसदेने हातातलं कामकाज बाजूला ठेवलं आणि पाऊण तास या बाईवर खर्च केला. तिची संघटना म्हणजे घटस्फोटित बायकांचं टोळकं, असं खासदारांनी ठरवलं. मोईंनी समजावलं की आफ्रिकी परंपरेतली खरी बाई असती तर पुरुषांचा मान राखून गप्प बसली असती, आणि विरोध करणाऱ्यांच्या डोक्यात किडे शिरलेत असंही सांगून टाकलं. संघटनेचं कार्यालय सरकारी जागेत होतं, ते चोवीस तासांत रिकामं करायला लावलं. इतकं सगळं शिस्तीत झालं, आणि झालं काय? बाईने कार्यालय आपल्या घरात हलवलं, परदेशी पैसेवाल्यांनी अंग काढून घेतलं, आणि १९९२ मध्ये बागेभोवतीचं कुंपणही उतरवावं लागलं. बाग अजून आहे. 'केनिया टाइम्स' बंद पडलं.

घटस्फोटाचा मुद्दा मात्र हातचा सोडू नका. तो चांगला लागतो. माथाईंचा घटस्फोट १९७९ मध्ये झाला. निकालानंतर एका मासिकाच्या मुलाखतीत त्या म्हणाल्या की न्यायाधीश एक तर अकार्यक्षम असतील, नाहीतर भ्रष्ट. न्यायालयाचा अवमान! सहा महिन्यांची शिक्षा झाली आणि तीन दिवसांत सोडावं लागलं. नवऱ्याने आडनाव परत मागितलं, तर त्यात आपल्या भाषेत सांगायचं तर एक काना जादा घालून तिने ते स्वतःचं करून टाकलं. असल्या बाईला तुम्ही काय परत मागणार?

घरगुती उपाय थकला की पोलीस. पण इथे मनापासून सावध करतो, कारण बऱ्याच मोठ्या माणसांची इथेच फसगत झाली. फेब्रुवारी १९९२ मध्ये राजकीय कैद्यांच्या म्हाताऱ्या आया उहुरू पार्कच्या एका कोपऱ्यात उपोषणाला बसल्या. मागणी एकच, आमची मुलं सोडा. माथाई त्यांच्यात होत्याच. चौथ्या-पाचव्या दिवशी पोलीस आले, अश्रुधूर सोडला, लाठ्या चालवल्या. माथाई बेशुद्ध पडल्या. तेव्हा त्यातल्या काही म्हाताऱ्यांनी अंगावरचे कपडे काढून पोलिसांसमोर उभं राहायला सुरुवात केली. आईच्या वयाच्या बाईने रागाने अंगावरचं वस्त्र टाकणं हा आफ्रिकेतल्या कितीतरी समाजांत शाप समजतात. लाज तिची जात नाही, बघणाऱ्याची जाते. लाठीवाल्यांनी माना फिरवल्या. आया तिथून शेजारच्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये गेल्या आणि वर्षभर हलल्या नाहीत. १९९३ च्या सुरुवातीपर्यंत बहुतेक मुलं सुटून आली. तेव्हा लाठीमाराचा आदेश काढण्यापूर्वी समोरच्या गर्दीतल्या आज्यांची मोजदाद करून घ्या.

मोजदाद म्हटल्यावर ब्रिटिशांची आठवण होते. १९२९ मध्ये आग्नेय नायजेरियात त्यांनी नेमलेल्या एका सरदाराने आपला माणूस घरोघर पाठवला. तो ओलोको गावात न्वान्येरुवा नावाच्या विधवेकडे गेला आणि शेळ्या-मेंढ्या मोज, माणसं मोज म्हणाला. तिने विचारलं, तुझ्या विधवा आईला कुणी मोजलं का? बायकांवरही कर बसणार, असा याचा अर्थ तिने काढला. मग बायकांनी ताडाची पानं गावोगाव पाठवली. पान आलं की निघायचं, एवढाच निरोप. ना छापखाना, ना तार, तरी हजारो बायका जमल्या. सरदाराच्या दाराशी बसून त्याच्या नावाने गाणी म्हणत नाचायचं, अशी तिथली जुनी रीत होती. सरकारने गोळ्या घातल्या. पन्नासहून जास्त बायका मारल्या गेल्या. त्यानंतर चौकशी बसली, आणि ती सरदार नेमण्याची पद्धतच गुंडाळावी लागली. ताडाच्या पानांवर बंदी घालायचं कुणाला सुचलं नाही, ही त्यांची चूक. तुम्ही इंटरनेट बंद करताच, तो धडा तुमच्यापर्यंत पोचलेला दिसतो.

कपड्यांचा मुद्दा तर कुठेही चालतो. जुलै २००९ मध्ये सुदानच्या राजधानीत, खार्तुमच्या एका हॉटेलात पोलीस शिरले आणि पँट घातलेल्या तेरा बायका पकडल्या. त्यातल्या दहाएक जणींनी फटके खाल्ले आणि विषय संपवला. सगळं कायद्यात बसत होतं. पण तेरांत लुब्ना हुसैन निघाल्या. पत्रकार, आणि 'पुरुषांच्या गप्पा' या नावाचं सदर लिहिणाऱ्या. त्या तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत माध्यम विभागात होत्या, म्हणजे त्यांना संरक्षण होतं, मुकाट घरी जाता आलं असतं. त्यांनी त्या नोकरीचा राजीनामा दिला. का, तर खटला चालावा म्हणून! वर मुंजीच्या पत्रिका छापाव्यात तशी पाचशे निमंत्रणं छापली: माझ्या खटल्याला आणि चाळीस फटक्यांना अगत्य येण्याचं करावं. जगभरचे वार्ताहर अगत्याने आले. आता इतक्या पाहुण्यांसमोर फटके कोण मारणार? न्यायालयाने पाचशे सुदानी पौंड दंड सांगितला. बाई म्हणाल्या, दंड भरणार नाही, तुरुंगात जाते. दुसऱ्याच दिवशी पत्रकारांच्या संघटनेने परस्पर पैसे भरून त्यांना बाहेर काढलं, आणि त्याबद्दल बाई त्या संघटनेवरच चिडल्या. अशी एखादी समंजस संघटना तुमच्याही पदरी असू द्या. ऐनवेळी तीच कामाला येते.

दहा वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये, त्याच खार्तुमच्या रस्त्यांवर अला सालाह नावाची तरुण मुलगी पांढऱ्या तोबमध्ये, म्हणजे सुदानी बायकांच्या पायघोळ वस्त्रात, एका मोटारीच्या टपावर उभी राहिली, आणि लाना हारून नावाच्या दुसऱ्या बाईने मोबाइलवर तिचा फोटो काढला. तो फोटो सगळ्या जगाने पाहिला. तीन दिवसांत राष्ट्राध्यक्ष ओमर अल-बशीर गेले. बायकांच्या कपड्यांवर आणि वागण्यावर नजर ठेवणारा सार्वजनिक शिस्तीचा कायदा नोव्हेंबरमध्ये रद्द झाला. त्यानंतर सुदानचं जे झालं ते अशा लेखात मावत नाही.

वेडी ठरवणं हा सुशिक्षितांचा उपाय. युगांडाचे योवेरी मुसेवेनी यांनी २०१६ च्या निवडणुकीत शाळेतल्या मुलींना सॅनिटरी पॅड देण्याचं आश्वासन दिलं. निवडून आले. पुढच्या वर्षी शिक्षणमंत्र्यांनी संसदेत सांगितलं की पैसे नाहीत. शिक्षणमंत्री म्हणजे त्यांच्याच पत्नी जॅनेट मुसेवेनी, तेव्हा घरखर्चाचा अंदाज त्यांनाच जास्त असणार. हे मान्य करून गप्प बसायचं, तर माकेरेरे विद्यापीठातल्या संशोधक स्टेला न्यान्झी लोकांकडून पॅड गोळा करून शाळांत वाटू लागल्या, आणि फेसबुकवर राष्ट्राध्यक्षांना शरीराच्या ज्या भागाची उपमा दिली तो भाग इथे छापता येत नाही. अटक झाली. बाईचं डोकं तपासून घ्या, असा अर्ज सरकारने केला, तोही १९३८ च्या वसाहतीच्या काळातल्या कायद्याखाली. इंग्रज गेले तरी त्यांची अशी उपयोगी चीजवस्तू जपून ठेवावी. महिनाभराने त्या जामिनावर सुटल्या. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या वाढदिवसानिमित्त कविता लिहिली, म्हणून २०१९ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगातही कविता लिहिल्या, त्या बाहेर पोचल्या आणि त्यांचं पुस्तक झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये वरच्या कोर्टाने शिक्षाच रद्द केली. कोठडीत कागद-पेन्सिल द्यायची नाही, हे तर झालंच. निवडणुकीत आश्वासनच द्यायचं नाही हाही एक मार्ग होता, पण तो व्यवहार्य नाही.

लायबेरियाबद्दल न सांगितलेलं बरं, पण सांगतो. तिथे १९८५ मध्ये एलेन जॉन्सन सरलीफ यांनी एका भाषणात सरकारातल्या लोकांना मूर्ख म्हटलं, तर दहा वर्षांची शिक्षा ठोठावली गेली. इतकी वर्षं काही आत ठेवता आली नाहीत. पुढे गृहयुद्ध सुरू झालं ते चौदा वर्षं थांबेना. २००३ मध्ये लेमा बोवी आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती आणि मुसलमान बायका पांढरे टीशर्ट घालून मन्रोव्हियाच्या मासळीबाजाराजवळ, राष्ट्राध्यक्ष चार्ल्स टेलर यांचा ताफा जायचा त्या रस्त्याच्या कडेला, उन्हापावसात रोज बसू लागल्या. निरोप द्यायला चर्चचा रेडिओ होता. नवऱ्यांशी अबोला धरला तो रात्रीचाही धरला, आणि परदेशी वार्ताहरांना तेवढीच बातमी वाटली. घानाच्या राजधानीत, अक्रामध्ये, शांततेची बोलणी लागली, तेव्हा टोळीवाले तारांकित हॉटेलात मुक्काम करून खुर्च्या वाटून घेण्यात रमले. जुलैत बायकांनी सभागृहाच्या दाराशी हातात हात गुंफून बसकण मारली. करार झाल्याशिवाय कुणीही बाहेर पडायचं नाही, जेवायलासुद्धा नाही. रक्षक बोवींना पकडायला आले तेव्हा त्यांनी डोईचं वस्त्र सोडून कपडे काढायला घेतले. पुढचं तुम्हाला नैरोबीवरून माहीत आहे. मध्यस्थ होते नायजेरियाचे जनरल अबूबकर. ते रक्षकांच्या नव्हे, बायकांच्या बाजूने बोलले. ऑगस्टमध्ये टेलर देशाबाहेर गेले, आठवड्याभरात करारावर सह्या झाल्या. आणि २००५ ची निवडणूक कुणी जिंकली? मूर्ख म्हणणाऱ्या त्याच बाईंनी. आफ्रिकेतल्या पहिल्या निवडून आलेल्या महिला राष्ट्राध्यक्ष.

पैसा अडवणं वगैरे किरकोळ उपाय आहेत. नायजेरियात ऑक्टोबर २०२० मध्ये पोलिसी अत्याचारांविरुद्धच्या आंदोलनाला 'फेमिनिस्ट कोअॅलिशन'च्या तरुण मुली निधी गोळा करून देत होत्या. बँकेची वाट बंद झाली, त्यांनी बिटकॉइन घेतले. वर रोजचा जमाखर्च जाहीर करत बसल्या, तो वेगळाच त्रास. हिशेब दाखवणाऱ्या माणसावर हिशेबाचा आरोप करता येत नाही.

एवढं वाचून तुम्ही निराश झाला असाल, तर खरा उपाय आता सांगतो. तिचं कौतुक करा. माथाईंना २००४ मध्ये नोबेल मिळालं, आपल्या दिल्लीनेही २००६ चा इंदिरा गांधी पुरस्कार दिला. २०११ मध्ये त्या गेल्या तेव्हा सरकारी इतमामात निरोप द्यायला जागा कोणती निवडली? उहुरू पार्क. माझ्यासाठी झाड तोडू नका असं त्या सांगून गेल्या होत्या, म्हणून शवपेटी बांबूची आणि जलपर्णीची करावी लागली, तेवढाच शेवटचा हट्ट. मग नैरोबीतल्या फॉरेस्ट रोडला त्यांचं नाव दिलं. दक्षिण आफ्रिकेत १९५६ च्या ९ ऑगस्टला वीस हजार बायका, काळ्या लोकांना सतत परवाना जवळ बाळगायला लावणाऱ्या पास कायद्याविरुद्ध, प्रिटोरियात सरकारच्या दारात अर्धा तास एक शब्द न बोलता उभ्या राहिल्या होत्या. पंतप्रधान भेटलेच नाहीत. आता त्या दिवशी सुट्टी असते आणि दुकानांत सवलती. ८ मार्चला गुलाबी फेट्यांची मोटारसायकल फेरी काढणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको.

कायदाही करून टाका, बिनधास्त करा. केनियाने २०१० च्या राज्यघटनेत लिहिलं की निवडून येणाऱ्या कुठल्याही सभागृहात एकाच लिंगाचे दोन तृतीयांशाहून जास्त लोक नसावेत. त्यासाठी लागणारा कायदा संसदेने करायचा होता. संसदेला वेळ झाला नाही. सप्टेंबर २०२० मध्ये सरन्यायाधीश डेव्हिड मरागा यांनी राष्ट्राध्यक्षांना लेखी कळवलं की मग ही संसदच विसर्जित करा. संसद विसर्जित झाली नाही.

आणि अगदीच आकडा मागितला, तर रवांडाकडे बघा. तिथे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात साठ टक्क्यांहून जास्त बायका आहेत, जगात सगळ्यांत जास्त. परिषदांमध्ये हा आकडा सांगितला की टाळ्या पडतात. त्याच देशात २०१७ च्या मे महिन्यात डायान रुविगारा या तरुण बाईने राष्ट्राध्यक्षांविरुद्ध उभं राहण्याचं जाहीर केलं आणि काही दिवसांत तिचे म्हणून नग्न फोटो फिरू लागले. ते बनावट असल्याचं ती सांगत राहिली. मग तिचा अर्ज बाद झाला, मग ती आणि तिची आई तुरुंगात गेल्या, वर्षभराने बाहेर आल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये निर्दोष सुटल्या. २०२४ मध्ये तिने पुन्हा अर्ज भरला. पुन्हा बाद. कुणी विचारलंच, तर तो साठ टक्क्यांचा तक्ता पुढे करा. एवढ्या बायका आत असताना आणखी एक कशाला हवी?