टक्का उतरला, उचलेगिरी राहिली

खानापूरहून भाचीचा फोन आला तो रडवेल्या आवाजात. निपाणीच्या विडी कामगार बायकांवरचा तिचा मराठी प्रबंध उचलेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमधून इतरांच्या लेखनाशी ३८ टक्के जुळणी घेऊन परत आला होता. गाईडनी एवढंच सांगितलं, "दहाच्या आत आण." झेरॉक्स-बाइंडिंगच्या एका दुकानात टक्का उतरवण्याचं हेही काम करून देतात म्हणे. तिथून आलेलं नमुन्याचं पान तिनं मला पाठवलं. ‘विडी कामगार’चे ‘विडी श्रमिक’ झाले होते, ‘मजुरी’चं ‘पारिश्रमिक’. वाक्यं जिथल्या तिथं. मला फार वाईट वाटलं, कारण पोरगी दोन वर्षं घरोघर फिरली आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचा (यूजीसीचा) उचलेगिरीबद्दलचा २०१८ चा नियम मुळात वाईट नाही. १० टक्क्यांपर्यंत शिक्षा नाही, ४० पर्यंत प्रबंध सहा महिन्यांत सुधारून द्यायचा, ६० च्या वर नोंदणी रद्द. संदर्भ देऊन घेतलेली अवतरणं मोजायचीच नाहीत, हेही त्यात आहे. तरी गावाकडच्या प्राध्यापक मित्रांशी बोलावं तर गाडी टक्क्यापाशीच अडते.

खरी गोम पुढं निघाली. प्रबंधातली दोन पानं एका कन्नड प्रबंधातून मराठीत उतरवलेली होती, नावाचा उल्लेख न करता. त्यांची जुळणी शून्य! मी विचारलं तर ती निरागसपणे म्हणाली, "मावशी, भाषांतर मी केलंय, मग ते माझंच ना?" तिला हे कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या सीमाभागात शाळेपासून मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही येतात. हे आपलं भाग्य, पण उचलायलाही तितकंच सोयीचं.

मी जर्मनीत विद्यापीठात काम करते. इथं सगळं धुतल्या तांदळासारखं आहे असं मुळीच नाही. २०११ मध्ये संरक्षणमंत्री गुटेनबर्ग आणि २०१३ मध्ये शिक्षणमंत्री शावान, दोघांची डॉक्टरेट गेली, मंत्रिपदंही गेली. पण गुटेनबर्ग यांची चोरी पहिल्यांदा दिसली ती त्यांच्या प्रबंधाचं परीक्षण लिहायला बसलेल्या ब्रेमेनच्या एका कायद्याच्या प्राध्यापकाला. पुढं स्वयंसेवकांनी पानं मूळ लेखनाशी ताडून पाहिली. शेवटी माणसानंच वाचलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की सीमाभागातल्या मराठी प्रबंधाच्या परीक्षकांत एक तरी कन्नड वाचणारा हवा, आणि कन्नड प्रबंधाला मराठी वाचणारा. बेळगावात अशी माणसं शोधावी लागणार नाहीत. आणि तळटीप कशी द्यायची हे प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच महिन्यात शिकवावं, रिपोर्ट आल्यावर नव्हे.

भाचीनं दुकानाचा नाद सोडला. तळटीप द्यायला पानाचा नंबर हवा, म्हणून तिनं तो कन्नड प्रबंध पुन्हा उघडला. मूळ लेखिकेनं मजुरी हजार विड्यांमागे दिली होती. हिनं ती दिवसाची म्हणून लिहिली होती.