पेटीचा भाव सांगू नका, पट्टी किती आली ते सांगा

आज सकाळी रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात डोकं फिरलं, म्हणून हे लिहितोय. लांबणार आहे. कंटाळा आला तर सोडून द्या.

रांगेत माझ्या पुढे लांज्याकडची एक मुलगी होती, सोबत वडील. एम.ए., बी.एड., विषय इंग्रजी. इथे एका विनाअनुदानित शाळेत महिना नऊ हजारांवर शिकवते. हातात दुबईतल्या शाळेचं चार पानी ऑफर लेटर. दुकानदार तोंडओळखीचा, त्याने विचारलं, "काय गो, किती देतायत?" ती काही बोलायच्या आत वडीलच म्हणाले, "एक लाख आठ हजार!" दुकानातली सगळी माणसं वळून बघायला लागली. त्या बापाचा आनंद खरा होता, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझा राग आहे तो त्या एक लाख आठ हजारांवर.

४,५०० दिरहम गुणिले २४ रुपये. झाले एक लाख आठ हजार. एजंटाने कॅल्क्युलेटरवर करून दाखवलं आणि घरच्यांनी ते वाडीभर सांगितलं.

अरे, आपण आंबेवाले ना? वाशीला पेटी तीन हजारांना गेली म्हणून कुणी घरात पेढे वाटतं का? पट्टी, म्हणजे दलालाचा शेवटचा हिशेब, येईपर्यंत आपण तोंड उघडत नाही. गाडीभाडं किती, हमाली किती, डागी फळ म्हणून किती कापलं, खोका-गवताचे किती गेले, हे सगळं वजा करून जे उरतं त्यालाच आपण पैसे म्हणतो. ही अक्कल आंब्याला आहे आणि पोरीच्या पगाराला नाही?

तर मांडूया पट्टी. मुलीने पत्र वाचायला दिलं. पान दोन: बेसिक १,८००, घरभाडं १,५००, प्रवास ५००, इतर ७००. बेरीज ४,५००. म्हणजे राहण्याची सोय शाळेची नाही. १,५०० मध्ये तू तुझं बघ. दुबईत १,५०० दिरहमला स्वतंत्र खोली मिळत नाही. मिळते ती बेडस्पेस. एका खोलीत तीन-चार जणी, सामायिक स्वयंपाकघर, फ्रिजचा एक कप्पा. वीज-पाणी-वायफाय धरून हजार-अकराशे. खाणं स्वतः रांधलं तर ८००. मेट्रो-बसचा सगळ्या झोनचा महिन्याचा पास ३५०. फोन १५०. औषधं, साबण, घरी पैसे पाठवायचं कमिशन, शाळेतल्या वाढदिवसांची वर्गणी, सगळं मिळून ३००. एकूण गेले २,७००. उरले १,८००. गुणिले २४, ४३,२०० रुपये.

ही पट्टी. तीसुद्धा एकही महिना आजारी न पडता.

आणि ज्यांना वाटतं की दोघी मैत्रिणी मिळून छोटा स्टुडिओ घेऊ, त्यांनी नीट ऐका. तिथे भाडं महिन्याला देत नाहीत, वर्षाचं ठरतं आणि चेकने द्यायचं असतं. समजा वर्षाला ३६,००० दिरहम, चार चेक. पहिला चेक ९,०००. डिपॉझिट पाच टक्के, १,८००. दलाल पाच टक्के, १,८००. वीज-पाणी मंडळाचं डिपॉझिट २,०००. झाले १४,६००, म्हणजे साडेतीन लाख रुपये, पहिला पगार हातात पडायच्या आधी! शिवाय वार्षिक भाड्याच्या पाच टक्के महापालिकेचा कर दर महिन्याला वीजबिलातून जातो, तो आधी कुणीच सांगत नाही. मग पोरी मुकाट्याने पार्टिशनच्या खोलीत जातात. आणि २०२५ मध्ये दुबई महापालिकेने नेमक्या अशाच बेकायदा पार्टिशनवाल्या घरांवर कारवाई सुरू केली. कारवाई झाली की रातोरात बिस्तरा उचलायचा आणि सकाळी सातला शाळेत हजर.

आता कुणीतरी म्हणणारच, ४३,००० म्हणजे तरी इथल्या नऊ हजारांच्या पाचपट आहेत की. आहेत. मान्य. पुढे बोलू?

ते 'बेसिक १,८००' परत बघा. मुलीने त्याच्यावर बोटही ठेवलं नव्हतं. अमिरातीत नोकरी सोडताना ग्रॅच्युइटी मिळते, वर्ष पुरं केल्यावर, पहिली पाच वर्षं दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. कुठला पगार? बेसिक. १,८०० वर हिशेब केला तर वर्षाचे १,२६० दिरहम. तेच ४,५०० ठेवून बेसिक ३,००० केलं असतं तर २,१००. वर्षाला ८४० चा फरक, वीस हजार रुपये. पाच वर्षांत लाख रुपये कागदावरच्या एका आकड्याने गेले, आणि शाळेच्या खिशातून जास्तीचा एक दिरहमसुद्धा महिन्याला जाणार नव्हता. बेसिक कमी आणि 'इतर' जास्त का, याचं उत्तर हे आहे. साईन करण्याआधी हे बोलता येतं. शाळा थोडंफार वाढवतेही. नंतर काही होत नाही.

तसंच जुलै-ऑगस्टचं. सुट्टीतला पगार मिळणार की नाही, तिकीट दर वर्षी की दोन वर्षांतून एकदा, मेडिकल विमा कुणाचा, प्रोबेशन किती (कायद्याने सहा महिन्यांच्या वर नाही). चार पानांत तिकिटाचं वाक्य होतं, सुट्टीच्या पगाराचं नव्हतं. "एजंट म्हणाला मिळतो." एजंट म्हणाला!

आता खरा संताप. वडिलांना विचारलं, एजंटाला किती दिले? म्हणाले, दीड लाख ठरलेत, पन्नास दिले. पावती? नाही.

दीड लाख म्हणजे वरच्या पट्टीतले साडेतीन महिने. पोरगी पहिले साडेतीन महिने एजंटासाठी राबणार. आपल्या नियमांत नोंदणीकृत एजंटाला जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतात, म्हणजे ३५,४००. आणि अमिरातीचा कामगार कायदा म्हणतो की भरतीचा आणि व्हिसाचा खर्च मालकाने करायचा, कामगाराकडून थेट किंवा आडून वसूल करायचा नाही. एजंट नोंदणीकृत आहे का हे सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत दिसतं. पण गंमत बघा. दहावी पास माणसाचा पासपोर्ट ईसीएनआर असतो, त्याला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही. म्हणजे गवंड्याचं, घरकामवालीचं कॉन्ट्रॅक्ट सरकारी डोळ्याखालून जातं आणि एम.ए. बी.एड. मुलीचं जात नाही. शिकलेली आहे, तिचं ती बघेल, असं धरलंय. आणि शिकलेली पोरगीच अडकते, कारण विचारायला लाज वाटते.

व्हिजिट व्हिसावर चल, तिथे कन्व्हर्ट करू, असं कुणी म्हणालं तर तिथेच उठा. आधी तिथल्या कामगार मंत्रालयाचं ऑफर लेटर, मग एंट्री परमिट, मग विमान. परमिटशिवाय कामावर ठेवणाऱ्या मालकाला २०२४ पासून एक लाख ते दहा लाख दिरहम दंड आहे, पण विमानात बसवून परत पाठवतात ते तुम्हाला.

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण यात लोक पैसे आणि महिने दोन्ही घालवतात. अमिरातीला अपोस्टिल (परदेशात कागद चालावा म्हणून परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का) चालत नाही. ओमानला, सौदीला चालतं. दुबईसाठी पदवी आधी राज्य पातळीवर, मग परराष्ट्र खातं, मग अमिरातीचा दूतावास, असं इथे तीन पायऱ्यांनी अटेस्ट होते. एम.ए. वेगळं, बी.एड. वेगळं. कुणी आधीच अपोस्टिल करून ठेवतं आणि मग परत पहिल्यापासून. बी.एड. मुक्त विद्यापीठाचं असेल तर ते चालेल का हे शाळेकडून लेखी घ्या, अटेस्टेशनवर पैसे घालण्याआधी. आणि नाव! पदवीवर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं, आधारवर तिसरंच. शेट्येमधला वाय एका कागदावर आहे आणि दुसऱ्यावर नाही. इथे तलाठ्याकडे चालून जातं, दूतावासात जात नाही. पोलीस क्लिअरन्स पासपोर्टच्या पोर्टलवरून निघतो, फी ५०० रुपये. त्याचे तीन हजार घेणारे आहेत.

मग दुबई नको तर कुठे? मालदीव. आपल्याकडचे बरेच जण विचारतात. बेटावरच्या शाळेत बहुधा राहायची सोय होते, खर्च कमी, मासळी मुबलक (टुना. सुरमई-पापलेटची स्वप्नं बघू नका). भाजी मात्र बोटीने येते आणि टोमॅटोचा भाव ऐकून रडू येतं. पण तिथली मेख वेगळी. पगार रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात. अधिकृत दर डॉलरला १५.४२, पण त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत, बँकेतून घरी पाठवायला महिन्याची मर्यादा आहे. उरलेले बाहेरच्या चढ्या दराने घ्यायचे. म्हणजे पट्टीत आणखी एक कापणी. माले शहरात स्वतःच्या भाड्याने राहायचं असेल तर गुणाकार सुरूच करू नका.

थायलंडमध्ये कॉन्ट्रॅक्ट बऱ्याचदा दहा-अकरा महिन्यांचं, म्हणजे सुट्टीत पगार शून्य. आपल्या माणसाला साधारण १८ ते २५ हजार बात, गोऱ्याला त्याच वर्गात ३५. खोली छोट्या शहरात चार-पाच हजारांत मिळते, पण दोन महिन्यांचं डिपॉझिट, एक महिन्याचं भाडं आगाऊ, आणि सरकारी दराने युनिटला साधारण चार बातची वीज मालक सात-आठला लावतो. एसी लावून झोपलात की कळेल. टोइक या इंग्रजीच्या परीक्षेत ६०० गुण लागतात, दर ९० दिवसांनी पत्ता कळवावा लागतो.

कोरियाचं तर नावच काढू नका. इंग्रजी शिकवायचा तिथला ई-२ व्हिसा फक्त सात देशांच्या पासपोर्टला: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड, दक्षिण आफ्रिका. भारताशी २०१० पासून लागू असलेल्या व्यापार करारात आपल्या शिक्षकांसाठी सहायक म्हणून खिडकी आहे, पण ती खिडकीच आहे, दार नाही. कॉलेज संपवून नुकताच बाहेर पडलेला मँचेस्टरचा पोरगा, इंग्रजी शिकवायचं १२० तासांचं सर्टिफिकेट घेतलेला, राहायची सोय फुकट मिळवतो. आमची लांज्याची मुलगी कर्मणी-कर्तरी झोपेत बदलून दाखवेल, तिला व्हिसाच्या खिडकीवरूनच परत पाठवतात. जाऊ दे. यावर लिहायला बसलो तर तोंडातून वाईट जाईल.

चहा घेऊन आलो. जरा शांत झालो.

जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. खेड-मंडणगड-दाभोळची कितीतरी घरं आखातातल्या पैशावर उभी राहिली, त्या माणसांनी बेडस्पेसमध्येच वीस-वीस वर्षं काढली. इथे तरी काय ठेवलंय? २०२३ मध्ये वाढवून वाढवून शिक्षणसेवकाचं मानधन १६, १८ आणि २० हजार केलं, तेही शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर नंबर लागला तर. तोवर नऊ हजार, आणि मे महिन्याचे तेही नाहीत. ४३,००० वाचणार असतील तर मी स्वतः बॅग उचलून स्टेशनवर सोडायला येईन. फक्त ४३,००० म्हणून जा. एक लाख आठ हजार म्हणून गेलात की घरचे त्या आकड्यावर स्लॅब टाकायचं ठरवतात, भावाच्या ॲडमिशनची फी त्यात धरतात, आणि पोरगी तिथे फ्रिजच्या एका कप्प्यात आठवड्याची डाळ ठेवून इथे फोनवर "सगळं छान आहे" सांगत बसते.

गेलात तर इथलं बचत खातं एनआरओ करून घ्या आणि तिथून पैसे पाठवायला एनआरई उघडा (दोन्ही परदेशात राहणाऱ्यांची खाती), बँका स्वतःहून सांगत नाहीत.

त्या मुलीला मी पत्राच्या झेरॉक्सवर पेन्सिलने चार खुणा करून दिल्या: बेसिक, सुट्टीचा पगार, राहण्याची सोय, व्हिसाचा खर्च. शाळेच्या एचआरला थेट मेल कर म्हटलं, एजंटाला मध्ये न घालता. वडील जरा नाराज झाले. स्वाभाविक आहे, दुकानात सगळे ऐकत होते. मुलगी मात्र बाहेर आल्यावर हळूच म्हणाली, मूळ डिग्री आणि बी.एड.चं सर्टिफिकेट एजंटाकडेच आहे, अटेस्टेशनला म्हणून सव्वा महिन्यापूर्वी घेतलंय. आता रविवारी रात्रीच्या तुतारीने मुंबईला जातेय, परत मागायला. पावती घेऊन जा म्हटलं.

कागद घेतल्याचीही पावती दिलेली नाही.