पडून राहिलेली चेनसॉ आणि ‘प्लग बदला’ हा सल्ला

पावसाळा सरला, बागेतली छाटणी सुरू झाली की एक सल्ला दरवर्षी फिरू लागतो : चार महिने पडून राहिलेली चेनसॉ (फांद्या कापायची पेट्रोलवरची साखळी-करवत) सुरू होत नसेल, तर ठिणगी पाडणारा प्लग नवीन घाला, पेट्रोलमध्ये ऑइल थोडे जास्त टाका, इंधनात हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरचे स्क्रू फिरवून पाहा, चोक (हवा अडवून इंधन वाढवणारी झडप) देऊन दोरी ओढत राहा आणि तरीही जमले नाही, तर प्लगच्या भोकातून पेट्रोल सोडा. यातला एकही उपाय बिघाडाच्या मुळाशी जात नाही आणि काही उपाय तर चांगले यंत्र कायमचे निकामी करू शकतात.

जूनमध्ये चालणारा प्लग नुसत्या पडून राहण्याने सहसा जळत नाही. तो काढावा, पण आधी पाहण्यासाठी. बऱ्याचदा दोरी ओढूनही प्लग कोरडाच असेल, तर सिलिंडरपर्यंत इंधन पोहोचत नाही असे समजावे आणि ओला असेल, तर इंधन जास्त झाले आहे किंवा ठिणगी पडत नाही. एवढ्या निरीक्षणाने निम्मा शोध संपतो.

खरा दोष बहुधा टाकीतच असतो, आणि सल्ल्यात नेमका त्याचाच उल्लेख नाही. पेट्रोलमधले लवकर पेटणारे हलके घटक आधी उडून जातात आणि उरलेल्याचा चिकट थर कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत व जाळीवर बसतो. चेनसॉ आडवी-तिरपी धरूनही चालावी म्हणून तिच्या कार्बोरेटरमध्ये फ्लोटऐवजी (इंधनाची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाऐवजी) पातळ पडदा असतो. तो ताठ झाला किंवा त्याच्या हालचालीवर उघडणारी सुई चिकटली, की इंधन पुढे सरकत नाही. त्यात आता आपल्याकडच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते हवेतला ओलावा शोषते आणि पाणी प्रमाणाबाहेर वाढले की पाण्यासह वेगळे होऊन तळाशी बसते, तर इंजिनाच्या वंगणासाठी मिसळलेले ऑइल वरच्या पेट्रोलमध्येच राहते. टाकीतला वजनदार फिल्टर नेमका तळाशी असल्यामुळे इंजिनाला मिळते ते ऑइल नसलेले पाणीदार मिश्रण. म्हणून जुने इंधन पूर्ण काढून टाकावे, फिल्टर व नळी तडकलेली नाही ना हे पाहावे, ताजे मिश्रण भरावे आणि मगच पुढचा विचार करावा. पडदा ताठ झाला असेल, तर त्याचा संच बदलून मिळतो.

ऑइल वाढवण्याने यातले काहीही सुटत नाही. कंपनीने 50 ला 1 (50 भाग पेट्रोलला 1 भाग ऑइल) सांगितले असेल तर लिटरला 20 मिलिलिटर आणि 25 ला 1 असेल तर 40, यापलीकडे घातलेले ऑइल प्लगवर आणि सायलेन्सरच्या जाळीवर काजळी धरते.

स्क्रू तर पडून राहिलेल्या यंत्रात आपोआप फिरलेलेच नसतात. कचऱ्याने अडलेले छिद्र स्क्रूने मोकळे होत नाही. उलट जास्त वेगाचा, म्हणजे ‘एच’ खुणेचा स्क्रू आवश्यकतेपेक्षा अधिक घट्ट राहिला, तर इंजिनाला इंधन व त्यातले ऑइल कमी पडून पिस्टन जॅम होतो.

चोक फक्त पहिला ‘फट्’ असा आवाज येईपर्यंत द्यायचा असतो. त्यानंतरही दोरी ओढत राहिल्यास प्लग भिजतो. मग प्लग काढून, स्विच बंद ठेवून, वायर भोकापासून लांब धरून काही वेळा दोरी ओढावी, म्हणजे साचलेले इंधन बाहेर पडते. त्या उघड्या भोकाजवळ ठिणगी तपासू नये, कारण बाहेर पडणारी वाफ पेट घेते.

भोकातून पेट्रोल सोडण्यामागे एक खरे तत्त्व आहे, ते मान्य केले पाहिजे : ऑइल मिसळलेल्या मिश्रणाचे दोन-चार थेंब टाकल्यावर इंजिन क्षणभर चालून बंद पडले, तर ठिणगी ठीक असून दोष इंधनाच्या वाटेत आहे हे कळते. मात्र ही चाचणी आहे, दुरुस्ती नव्हे. नुसते पेट्रोल ओतल्यास सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन जाते आणि पिस्टनवर चरे पडतात. ताजे मिश्रण, पुसून कोरडा केलेला प्लग आणि स्वच्छ जाळी असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर सायलेन्सरचे तोंड आणि एअर फिल्टर पाहावा. बंद खोलीत ठेवलेल्या यंत्रातही कुंभारीण माशी मातीचे घर करून वाट बुजवू शकते.