नवरा माझा सीक्वेलचा

सिनेमाचं नाव ओळखीचं आणि त्याच्यापुढे नवाकोरा '२' दिसला, की माझ्या पोटात गोळा येतो. कारण तो आकडा माझ्या नवऱ्यालाही दिसलेला असतो. पुढचं वाक्य मला पाठ आहे. "अगं, आधी पहिला भाग बघून घ्यायला हवा."

वर्षा-दोन वर्षांत येणाऱ्या दुसऱ्या भागाबद्दल माझी काही तक्रार नाही. तो लग्नानंतरच्या पूजेसारखा असतो. मांडव उतरलेला नसतो, पाहुणे अजून घरातच असतात, त्यातच उरकून जातो. छळ होतो तो पंधरा-वीस वर्षांनी उगवणाऱ्या दुसऱ्या भागाचा. तोवर पहिल्या भागातलं अर्धंअधिक आपण विसरलेलो असतो आणि उरलेलं चुकीचं आठवत असतो.

'नवरा माझा नवसाचा' आला २००४ साली. 'नवरा माझा नवसाचा २' आला २० सप्टेंबर २०२४ ला. गणपती नुकतेच गेले होते आणि मोदकांचं उरलेलं सारण अजून फ्रिजमध्ये होतं. मधल्या काळात आमची मुलगी जन्माला आली, शाळेत गेली, बारावी झाली आणि मतदार यादीत नाव लावून आली. तिच्या अख्ख्या आयुष्यापेक्षा हे मध्यंतर मोठं. तिला सिनेमा कळावा म्हणून नवऱ्याने एका संध्याकाळी सगळ्यांची उजळणी घ्यायचं ठरवलं. कुकरची शिट्टी होऊन गेली तरी कुणी उठायचं नाही, अशी ताकीद होती.

उजळणीत पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी, की आमच्या घरात पहिला भाग एक नाहीच. माणशी एक आहे. यात दोष टीव्हीचा. मराठी माणसाच्या घरात जुना सिनेमा कधी संपतच नाही, रविवारी दुपारी कुठल्या ना कुठल्या चॅनेलवर तो चालूच असतो. माझा सिनेमा इंटरव्हलनंतर सुरू होतो, कारण त्याआधी मी मागचं आवरत असते. नवऱ्याचा इंटरव्हललाच संपतो, कारण वरणभात अंगावर येऊन त्याचा डोळा लागतो. गेली वीस वर्षं आम्ही दोघांनी मिळून एक सिनेमा पाहिला आहे. त्यामुळे सिनेमाचा नायक वक्या, म्हणजे सचिन, शेवटी देवळात पोचतो ही बातमी नवऱ्याला त्या संध्याकाळी लागली आणि चक्क आवडली.

सासूबाईंचं प्रकरण वेगळं आहे. त्यांच्या लेखी सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्या यांनी मिळून जे काही केलं तो एकच लांबलचक सिनेमा आहे आणि तो १९८० च्या दशकात कधीतरी सुरू झाला. एसटी गणपतीपुळ्याच्या वाटेला लागल्यावर त्या पदर सावरून सरसावून बसल्या आणि म्हणाल्या, "आता हा साडी नेसणार."

"आई, ते 'बनवाबनवी'त. ८८ साली."

"मग ह्यात काय नेसतो?"

प्रश्न बिनतोड होता. कारण ह्यात काहीच नेसत नाही, हाच तर सगळा घोळ आहे. वक्याच्या वडिलांनी गणपतीपुळ्याच्या गणपतीला बोललेला नवस असा, की मुलगा झाला तर त्याला नागडा तुझ्या दर्शनाला आणीन. ते राहून जातं, मुलगा बाप्या होतो, त्याचं लग्न होतं आणि नवसाची आठवण होते ती तेव्हा. मुलीने हे ऐकून घेतलं आणि मग उलटतपासणी सुरू केली.

"बसनेच का गेले? ट्रेन नव्हती?"

नवरा गप्प. कोकण रेल्वेवरून २६ जानेवारी १९९८ पासून गाड्या पूर्ण धावायला लागल्या, हे त्याला चांगलं ठाऊक आहे. तो त्या रेल्वेचा इतका भक्त, की पाहुण्यांना बोगद्यांची माहिती चहाच्या आधी देतो. म्हणजे २००४ साली वक्या सहज रेल्वेने गेला असता. अखेर नवऱ्याने मुद्दा काढला, "रेल्वे गणपतीपुळ्याला जात नाही. रत्नागिरीला उतरायचं, मग परत रस्ता आलाच. एसटी कशी, सरळ नेऊन सोडते."

"मग दुसऱ्या भागात ट्रेनने का चाललेत?"

"त्यासाठीच थिएटरात जायचंय ना!"

"आणि अशोक सराफ पहिल्यात कंडक्टर, दुसऱ्यात टीसी. ७७ वर्षांचे आहेत ते. टीसी रिटायर कधी होतो?"

नवरा सरकारी नोकरीतला. हा प्रश्न त्याला लागलाच. कंडक्टर राज्याच्या महामंडळाचा, टीसी केंद्राच्या खात्यातला. मग बदली कुठल्या नियमात, सेवा खंडित धरायची की सलग, पेन्शन कोण देणार, हे हिशेब त्याच्या कपाळावर स्पष्ट दिसायला लागले. सासूबाईंनी फाईल बंद केली. "अशोक सराफ रिटायर होत नसतो." त्या एवढ्या ठामपणे बोलतात तेव्हा घरात कुणी अपील करत नाही.

खरं तर माझं म्हणणं त्या टीव्हीबद्दलच आहे. हॉलीवूडवाल्यांचं बरं. तिथे 'टॉप गन' १९८६ ला येऊन गेला, दुसरा थेट २०२२ ला. मधली छत्तीस वर्षं लोकांनी वाट पाहिली असेल, उसासे टाकले असतील. आपल्याला वाट पाहायची सवडच मिळत नाही. गेल्या रविवारी पापड मोडता मोडता जो सचिन पन्नाशीच्या आत होता, तो येत्या शुक्रवारी ६७ चा होऊन येतो. पाच दिवसांत वीस वर्षं! आता सचिनच्या बाबतीत हे फारसं जाणवत नाही हे मान्य, त्याचं वय कुठेतरी परस्पर दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत असावं. पण सगळ्यांचंच तसं नसतं. कुणाचं पोट सुटलेलं असतं, कुणाचे केस गेलेले असतात, आणि कुणी माणूसच नसतो. पहिल्या भागात ज्याने खोखो हसवलेलं, त्याच्या वाट्याला दुसऱ्या भागात भिंतीवरचा हार.

'झपाटलेला' १९९३ चा, 'झपाटलेला २' २०१३ चा. हा दुसरा थ्रीडी होता. नाकावरून घसरणारे ते चष्मे लावून आम्ही ओळीने बसलो होतो. तात्या विंचू तसाच होता. बाहुल्याला काय, वय नाही, बीपी नाही, गुडघे नाहीत. लक्ष्या २००४ च्या डिसेंबरमध्येच गेलेला. मग त्याच्या मुलाची गोष्ट रचली आणि तो मुलगा झाला आदिनाथ कोठारे. म्हणजे इन्स्पेक्टर महेश जाधव झालेल्या महेश कोठारेंचा खराखुरा मुलगा लक्ष्याच्या घरात दत्तक. सासूबाईंना हे नातं समजावण्यात आमचा पहिला अर्धा तास गेला आणि त्यांनी शेवटी ते मान्य केलं नाहीच. बाहुला पडद्यातून अंगावर येत होता, लोक खुर्चीत मागे सरकत होते, मुलं किंचाळत होती. मी आपली बघत होते, त्याच्या मागून लक्ष्या धडपडत येतो का. तेवढं त्या चष्म्याला जमलं नाही.

यावर उपाय म्हणून काहीजण माणसंच बदलतात. 'दे धक्का' २००८ चा. खटारा गाडी ढकलत मुंबईला निघालेल्या त्या कुटुंबातली नाचणारी मुलगी होती गौरी वैद्य. २०२२ च्या दुसऱ्या भागात कुटुंब लंडनला पोचलं आणि मुलगी झाली गौरी इंगवले. "निदान गौरी ठेवलीय," नवरा समाधानाने म्हणाला. त्याला अशा बारीकसारीक सातत्याचं फार.

कॅलेंडरशी सगळ्यात प्रामाणिक राहिला तो 'गदर'. २००१ साली सनी देओलच्या कडेखांद्यावरचा पोरगा म्हणजे दिग्दर्शक अनिल शर्मांचा मुलगा उत्कर्ष. २०२३ साली त्याच भूमिकेत तोच पोरगा, बावीस वर्षांनी थोराड होऊन. हे मला पटलं. धीर धरावा, पोर वाढू द्यावं, मग कॅमेरा लावावा. हातपंपाचंही तसंच. पहिल्या वेळी तो जमिनीतून उपटावा लागला होता. दुसऱ्या वेळी सनीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं आणि जमाव पळत सुटला. थिएटरात शिट्ट्या पडल्या त्या या पाहण्याला. इतक्या वर्षांच्या नावलौकिकाचा असा वापर मला घरात कधी करता आलेला नाही. लाटण्याकडे मीही पाहून बघितलंय. कुणी हलत नाही.

तर 'नवसाचा २'. मराठी सिनेमाच्या नशिबी असतात तशा दोन वेळा होत्या, एक नाश्त्याची आणि एक झोपेची. आम्ही नाश्त्याची घेतली. बाहेर लावलेल्या पोस्टरसमोर सासूबाई थबकल्या. स्वप्नील जोशीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा कुश ना गं? रामाचा?"

"हो आई, तोच." रामानंद सागरांच्या मालिकेतला कुश त्यांनी रविवारी सकाळी आंघोळ करून पाहिलेला आहे, त्यांच्याशी वाद नको.

"मग हा कृष्णही झाला होता."

"हो, तोही हाच."

"आणि आता ह्यांच्यात कसा आला?"

याला उत्तर नव्हतं. त्रेतायुग, द्वापरयुग आणि कोकण रेल्वे असा प्रवास एकाच माणसाने केलाय म्हटल्यावर त्यांनी चपला काढाव्यात की काय, या विचारात त्या क्षणभर पडल्या. मी दंडाला धरून आत नेलं.

सिनेमा सुरू झाला आणि लक्षात आलं, की अख्खं थिएटर उजळणी करून आलंय. लोक विनोदाच्या आधी हसत होते. एखादं ओळखीचं माणूस दारातून डोकावलं की टाळी, आणि मग ते काय बोललं हे टाळीत बुडून गेलेलं. मागच्या रांगेतले काका आपल्या सौभाग्यवतींना प्रत्येक प्रसंगाला पहिल्या भागातलं जोडीचं सांगत होते. माझा नवरा त्यांना अधूनमधून दुरुस्त करत होता. इंटरव्हलला दोघांनी हात मिळवले आणि समोशाच्या रांगेत कंडक्टरच्या पेन्शनवर चर्चा केली. मुलगी मात्र मनापासून हसत होती, कारण तिला कुठलाच जुना सिनेमा नव्या सिनेमावर ठेवून मापायचा नव्हता. मला तिचा हेवा वाटला. मी अर्धा वेळ पडद्यावरची सुप्रिया बघत होते आणि अर्धा वेळ मनातल्या मनात तिची २००४ मधली साडी.

बरा होता का सिनेमा? मला विचाराल तर पहिल्याची सर नाही. पण तो पहिला म्हणजे कुठला, तर माझा, इंटरव्हलनंतर सुरू होणारा. आणि त्याची सर कुणालाच यायची नाही, अगदी त्या मूळ सिनेमालाही नाही, हे उजळणीच्या संध्याकाळी मी बघितलंच होतं.

परतताना रिक्षात सासूबाई गप्प गप्प होत्या. सिग्नलला रिक्षा थांबली तशा एकदम म्हणाल्या, "बाळ्या, तुझ्या दहावीच्या वेळी मीसुद्धा बोलले होते गणपतीपुळ्याला. राहूनच गेलं बघ."

नवऱ्याने मान मागे वळवली. "काय बोलली होतीस?"

"ते तिथे गेल्यावर सांगेन. आधी सांगायचं नसतं."

नवस आधी सांगायचा नसतो असं कुठल्या पोथीत आहे मला माहीत नाही, पण त्या बोलल्या म्हणजे असणार. आता दिवाळीनंतर निघायचं ठरतंय. रेल्वे की एसटी यावर घरात अजून एकमत नाही. नणंदेला कळलंय, तीही तिच्या कुटुंबासकट येतेय. मुलीने मोबाइलमधले जुने फोटो पुसून जागा करून ठेवलीय. आणि नवरा रोज रात्री जेवताना पानावरून मान वर करून आईला एकच विचारतो, "आई, पण कपडे घालूनच ना?"

सासूबाई ताकाचा घोट घेतात आणि म्हणतात, "बघू."